पाटावरचा फोन

माझ्या घरमालकांच्या घरात कुठल्याही वस्तूचं वय विचारावं लागत नसे. ते तिच्या अंगावर लिहिलेलंच असायचं. लाल ऑइलपेंट, बारीक ब्रश, ताठ उभे आकडे. ट्यूबलाइटच्या पट्टीवर तारीख, पंख्याच्या पात्यावर तारीख, माठाच्या गळ्याशी तारीख, एवढंच काय, खराट्याच्या मुठीवरसुद्धा तारीख. मी वरच्या खोलीत राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं मला एक ताजी लाल तारीख दिसली. रंग अजून ओला होता. ती माझी तारीख होती.

मी तणतणत खाली गेले. "काका, मी काय ट्यूबलाइट आहे?"

ते पडवीत बसून चहा बशीत ओतत होते. वरही न बघता म्हणाले, "लागली त्या दिसाची तारीक पायजे ना गो बाय. उद्या काय बिघडलं तर कशावरनं सांगनार, किती चालली?"

"मी नाही बिघडणार."

"सगलेच असं सांगतात," असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नगरहून आलेली. पनवेलला एसटी स्टँडजवळच्या एका मोबाइल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसायचे. दिवसभर लोक फुटलेले, भिजलेले, गाडीखाली आलेले फोन माझ्यासमोर आणून ठेवत आणि "मॅडम, आपोआप झालं" असं सांगत. माणसं फोनबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं लग्न जमवतानाही बोलत नसतील. सहा महिन्यांत माझा कुणावरही विश्वास उरला नव्हता. स्मार्टफोनचा तर मला इतका वीट आला होता की मी स्वतः साधा बटणांचा फोन वापरत होते. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला गोड नकोसं होतं, तसलंच काहीतरी.

काकांचं घर गावठाणातलं. चारी बाजूंनी सात-सात मजली इमारती उठल्या होत्या आणि मध्ये हे एकमजली घर दोन माणसांत अंग चोरून बसल्यासारखं. वर मी, खाली ते एकटे. संध्याकाळी तळोज्याकडचा वारा सुटला की सगळी आळी खिडक्या लावून घ्यायची. काका मात्र अंगणात येऊन दोनदा खोल हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "ॲसिड नाय हे. दुसरं कायतरी हाय." ॲसिडची त्यांना पारख होती. कळंबोलीला एका ट्रेलर कंपनीच्या यार्डात त्यांनी तीस वर्षं बॅटरी-खोली सांभाळली होती. न्हावा शेव्याहून कंटेनर ओढणारे ट्रेलर रात्रंदिवस यायचे-जायचे, आणि त्यांच्या बॅटऱ्यांना पाणी घालणं, चार्जिंगला लावणं, हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीनं त्यांतलं ॲसिड तपासणं आणि रीडिंग वहीत लिहिणं हे काकांचं काम. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे ठिपके होते आणि प्रत्येक शर्टाला पोटाशी मोहरीएवढी भोकं. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या शर्टांनाही ती कशी पडत, हे मला कधी कळलं नाही. मला दाट संशय आहे की त्यांना भोकांशिवाय चुकल्यासारखं होत असावं.

"बॅटरी मरत नाय गो," ते नेहमी म्हणायचे. "तिला मारतात."

कोण मारतात? तर ड्रायव्हर, जे ती पार उतरेपर्यंत वापरतात. मालक, जे वेळेवर पाणी घालू देत नाहीत. आणि अडाणी लोक, जे बॅटरी सरळ सिमेंटवर ठेवतात. सिमेंट चार्ज ओढून घेतं यावर काकांची श्रद्धा होती. बॅटरी नेहमी लाकडावर ठेवायची, नेहमी भरलेली ठेवायची, एक दिवससुद्धा उपाशी ठेवायची नाही, हे त्यांचे तीन नियम. निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्या लोकांनी विचारलं, काका, काय देऊ? त्यांनी शाल नाकारली आणि भंगारात काढलेली ट्रेलरची एक बॅटरी मागून घेतली. टेंपोतून घरी आणली, महिनाभर तिची सेवा केली आणि ती जिवंत केली. तेव्हापासून ती पडवीत लाकडी फळीवर होती. दर शनिवारी तिला डिस्टिल्ड वॉटर मिळायचं. मी कामावर निघायच्या घाईत दर आठवड्याला एकदा तरी तिच्यावर अंगठा आपटून घ्यायचे आणि काकांना ऐकू जाईल अशा बेतानं कळवळायचे. ते आतून विचारायचे, "बॅटरी हालली का गो?"

बॅटरी-खोलीतली त्यांची दुसरी ख्याती त्यांच्या वहीची. नवी बॅटरी मिळावी म्हणून ड्रायव्हर येऊन गयावया करायचे, काका, ही बाद लिहा ना. काका हायड्रोमीटर बुडवायचे, आतला तरंगणारा काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि जे दिसेल ते लिहायचे. एकदा खुद्द मालकानं सांगितलं, वॉरंटी संपायच्या आत सहा बॅटऱ्यांचं रीडिंग खाली दाखव, कंपनीकडून बदलून घेऊ. काकांनी सहाच्या सहा जशा होत्या तशा लिहिल्या. मालक सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. पण खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे दिली नाही, हे काका फार समाधानानं सांगत.

त्यांना एकच मुलगी. जन्मापासून ऐकू न येणारी, त्यामुळे न बोलणारी. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. मग शाळा सुटली की काका तिला यार्डात घेऊन येत आणि बॅटरी-खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसवत. शाळेतल्या खुणांची भाषा ती शाळेत शिकत होती, पण बापाला ती कुठून येणार? म्हणून दोघांनी आपली वेगळी भाषा तयार केली, आणि ती सगळी गॅरेजमधून उचललेली. थांब म्हणायचं तर हँडब्रेक ओढायचा. चल म्हणायचं तर गिअर टाकायचा. जोर लाव म्हणजे बंद पडलेल्या गाडीला दोन्ही तळव्यांनी धक्का. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण हायड्रोमीटरची. डाव्या हाताची पोकळ मूठ म्हणजे काचेची नळी, तिच्यातून उजव्या हाताचं बोट वर काढायचं, तो काटा. बोट वर आलंच नाही तर बॅटरी उतरलेली. अर्धं आलं तर अर्धी. बुडापर्यंत पूर्ण वर आलं की फुल.

शाळेतून आल्यावर तिला कसं वाटतंय ते ती या बोटानं सांगायची. काकाही तिला सगळं बोटानंच सांगायचे. सासरची माणसं बघून आल्यावर त्यांनी तिला बोट पाऊण दाखवलं होतं. फुल का नाही, म्हणून तिनं विचारलं. तर म्हणे, माणसं चांगली आहेत, पण सासूबाईंचा आवाज मोठा आहे. "तो तुला आयकू येनार नाय, पन हाय ते सांगायला पायजे," अशी त्यांची समजूत.

मुलगी सांगलीला दिली होती. जावई छापखान्यात कामाला, त्यालाही ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षं बापलेकीचा संबंध पत्रांवर आणि दिवाळीच्या चार दिवसांवर चालला. बाकी बाप लेकींना फोन करतात, आमच्या काकांना फोनचा उपयोग शून्य. मीच त्यांना म्हटलं, "काका, स्मार्टफोन घ्या. त्यात माणूस दिसतं." त्यांना पटेना. मग मी एका मैत्रिणीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दाखवला. छोट्याशा काचेत लेकीचा चेहरा आला. तिनं बापाला बघितलं, झटकन मूठ वळली आणि बोट बुडापर्यंत वर काढलं. काका फोन हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच कंपनीचा फोन आणला.

संध्याकाळी मी खाली गेले तर फोनच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं तारीख होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

फोनसाठी त्यांनी जेवायचा पाट काढला. खिडकीखाली प्लगजवळ पाट, पाटावर धुतलेला पंचा, पंचावर फोन, आणि फोनला चार्जर. एखाद्या देवाचीही इतकी व्यवस्था नसेल. मी येता-जाता बघायचे आणि हसायचे. आत्ता चार्जिंगला लावलेला दिसतोय, एवढंच मला वाटायचं. दररोज, प्रत्येक वेळी तो मला चार्जिंगलाच लावलेला दिसतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. बसायचे मात्र मोबाइल सर्व्हिस सेंटरमध्ये.

अकरा महिने होऊन गेले. लेकीला दिवस गेले होते आणि सातवा संपत आला होता. आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. पण दवाखान्यात तिच्याशी बोलायचं कुणी? नवऱ्याला ऐकू येत नाही. सासूला खुणा येत नाहीत. लिहून दाखवता येतं, पण कळा सुरू झाल्यावर वाचणार कोण? म्हणून काकांनी तारखेच्या दहा दिवस आधीचं एसटीचं आरक्षण करून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई बोलतील ते ऐकून लेकीला खुणेनं सांगायला ते स्वतः तिथं असणार होते. आणि न जाणो मागंपुढं झालं, तर फोन होताच.

अशात एका रविवारी ते जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत. "बाय, बॅटरी उतरते गो," ते म्हणाले. डॉक्टरकडे आणलेल्या लेकराबद्दल बोलावं तसा आवाज.

मी फोन बघितला. चार्जर काढला की वीस मिनिटांत निम्म्यावर. चार्जर लावून व्हिडिओ सुरू केला की फोन तव्यासारखा तापायचा आणि कॅमेरा बंद. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "चार्ज झाल्यावर पिन काढता ना?"

"काडू कशाला?" त्यांनी अभिमानानं सांगितलं. "आनल्या दिसापासनं लावलेला हाय. एक दीस उपाशी नाय ठेवला."

मी डोक्याला हात लावला आणि मग जीभ सोडली. ही तुमच्या ट्रेलरची बॅटरी नव्हे काका, हिला पाणी लागत नाही, पाट लागत नाही, आणि रात्रंदिवस भरलेली आणि तापलेली ठेवली की ही लवकर म्हातारी होते. हिला थोडं उतरू द्यायचं, थोडं भरायचं. काउंटरवर गिऱ्हाइकांना सांगते तशी मी धडाधडा सांगत सुटले. काका ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे मीच मारली?"

मी म्हटलं, "हो."

या एका शब्दाचं मला अजून वाईट वाटतं. खरा होता, पण तेवीस वर्षांच्या तोंडातून जसा फेकला जातो तसा फेकला गेला. काकांनी फोन परत घेतला. कठडा धरून एकेक पायरी खाली गेले. त्या शनिवारी पडवीतल्या बॅटरीला पाणी घालायला ते विसरले. मी घातलं.

वॉरंटीचे चार दिवस उरले होते. आमच्या कंपनीचा नियम असा, की वर्षाच्या आत बॅटरीची तब्येत ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळते आणि तीही त्याच दिवशी, कारण वॉरंटीचा साठा आमच्याकडे वेगळा ठेवलेला असायचा. ऐंशी किंवा वर असेल तर नाही. मग पैसे भरून मागवायची आणि तीन आठवडे वाट बघायची. मी शेजारच्या सेंटरमधून उसन्या आणलेल्या तपासणीच्या केबलवर घरीच अंदाज घेतला. त्र्याऐंशी.

मी काकांना उपाय सांगितला. तो आमच्यात सगळ्यांना माहीत होता. फोन भर उन्हात ठेवायचा, उजेड पूर्ण वाढवायचा, व्हिडिओ चालू ठेवायचे, पार बंद पडू द्यायचा, लगेच भरायचा, पुन्हा उन्हात. चार दिवसांत येते खाली. मी गोठ्यातल्या म्हशीला विष घाला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जानूनबुजून मारायची?"

"अहो, अर्धी मेलेलीच आहे ती."

"आर्धी मेली ती माज्या अडानीपनानं. आता वरनं डोल्यांदेखत नाय मारनार."

शेवटच्या दिवशी ते काउंटरवर आले. इस्त्रीचा शर्ट, पोटाशी भोकं. रांगेत उभे राहिले, ओळख दाखवली नाही. मी फोन मशीनला लावला. एक्क्याऐंशी. आमच्याकडे जॉबशीट हातानं भरायचं असे. मी इकडे तिकडे बघितलं आणि रकान्यात एकोणऐंशी लिहिलं. दोनच आकड्यांचा तर प्रश्न होता. कुणाचं काय जात होतं?

काकांनी खिशातून चष्मा काढला, जॉबशीट वाचलं आणि म्हणाले, "मशीन दाकव."

"काका, सही करा फक्त."

"दाकव गो बाय."

मी स्क्रीन वळवली. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, एकोणऐंशीवर आडवी रेघ मारली, शेजारी ताठ आकड्यांत एक्क्याऐंशी लिहिलं आणि त्याखाली, वहीत करत असतील तशी, बारीक सही केली. "एका कागदावर दोन खोट्या गोष्टी," ते म्हणाले. "एक, रीडिंग ते नाय. दोन, चूक कंपनीची नाय, माजी हाय."

मागे रांग चुळबुळत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि म्हणून मी भांडले. "अहो, मुलीसाठी तरी! तुमचं खरेपण घेऊन काय करायचंय तिला?"

"तिच्यासाठीच," काका शांतपणे म्हणाले. "तिला जे रीडिंग मी सांगतो ते ती खरं धरते. तिला दुसरं कोन हाय सांगनारं?"

त्यांनी पैसे भरून बॅटरी मागवली आणि गेले. हट्टी, आडमुठा म्हातारा, असं मी त्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलं.

नवी बॅटरी आली ती मीच बसवली. जुनी त्यांनी मागून घेतली. ती अजून त्यांच्या फडताळात आहे, गेल्या वर्षी गेले होते तेव्हा बघितली. तिच्यावर लाल रंगात दोन तारखा आहेत. पहिली लागली त्या दिवसाची. दुसरी मात्र काढल्या दिवसाची नाही, आठ दिवस आधीची आहे. तो एक मंगळवार होता.

मंगळवारी मला सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात खालून काकांची हाक आली. हाक नव्हेच, ओरडणं. मी धावत उतरले. त्यांच्या हातात फोन होता आणि काचेत लेकीचा चेहरा, घामानं थबथबलेला. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. रक्तदाब वाढला होता. तिकडून एका बाईचा आवाज येत होता, "बाबा, मी डॉक्टर बोलतेय. ही फार घाबरली आहे आणि आम्ही सांगतो ते तिला कळत नाही. चुकीच्या वेळी जोर लावतेय. तुम्ही सांगाल का तिला? सिस्टर फोन धरतील."

"सांगतो ना ताई. फकस्त तिचं तोंड तेवडं दाकवा. बाकी नको."

बॅटरी चौतीस टक्के. सांगलीला जायला एसटीला सात तास.

खुणांना दोन्ही हात लागतात. फोन मी धरला. काका समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी पहिल्यांदा मूठ वळून भुवया उचलल्या. रीडिंग? लेकीचं बोट वर आलंच नाही. काकांनी मान डोलावली, बघितलं मी, अशी. मग डॉक्टर बोलत गेल्या आणि काकांचे हात चालत राहिले. थांबायचं, हँडब्रेक. श्वास घे, हवा भरायच्या पंपाचा दांडा वर, श्वास सोड, दांडा खाली. आता नाही, आता नाही, हँडब्रेक. लेक त्यांच्या हातांवरून नजर हलवत नव्हती.

अठरा टक्के झाल्यावर मी म्हटलं, "काका, कट करून शेजारच्यांच्या फोनवरून लावूया का?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. तेवढा वेळही लेक एकटी पडणार होती. मग हात न थांबवता म्हणाले, "पडवीतली वायर आन. क्लिपा लाव. लाल ती लाल." पडवीतल्या त्या बॅटरीवर ते लाइट गेली की एक दिवा लावायचे, आणि गाडीत चालतो तसला चार्जर जोडायची सोय त्यांनीच करून ठेवली होती. मी फोन काकांसमोर भिंतीला टेकवून उभा केला आणि माझ्या अंगठ्यांनी ज्या बॅटरीला वर्षभर शिव्या घातल्या, तिला क्लिपा लावल्या. फोनवर चार्जिंगची खूण उमटली. पाच मिनिटांत फोन तापला. "माठाला टेकव," काका म्हणाले. "वला पंचा घाल मागं." मी पाट माठाजवळ ओढला, ओला पंचा माठाच्या पोटाला लावला आणि त्याला फोन टेकवून धरला. आकडा खाली यायचा थांबला नाही, पण सावकाश यायला लागला. अकरा. दहा. बराच वेळ दहा. कॅमेरा चालू होता.

"बाबा, आता!" डॉक्टर ओरडल्या. "आता जोर!"

काका गुडघ्यांवर उठले आणि दोन्ही तळव्यांनी हवेत धक्का मारला. रस्त्यात अडलेला ट्रेलर ढकलावा तसा सगळ्या अंगानं. लेकीनं दात आवळले. हँडब्रेक. पंप. पुन्हा धक्का. किती वेळ हे चाललं मला सांगता येणार नाही. माझे हात भरून आले होते, काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि चार टक्क्यांवर फोनमधून एक बारीक, चिरका आवाज आला.

मी किंचाळलेच. काकांचे हात मध्येच थांबले. लेकीनं मात्र काहीच ऐकलं नव्हतं. ती बापाकडे बघत होती. भुवया वर. काय झालं?

काकांनी डोळ्यांखाली बोटं फिरवली, तोंड वाकडं केलं. रडतंय. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं. तिनं हात उचलून स्वतःच्या कानाला लावला आणि जिकडे बाळ होतं तिकडे बोट दाखवलं. मग पुन्हा बापाकडे बघितलं.

"ताई," काका म्हणाले, "बालाच्या कानाशी एकदा टाली वाजवा."

"बाबा, कानाची नीट तपासणी नंतर होते," डॉक्टर म्हणाल्या.

"ती होऊ दे ना. आता एकदा वाजवा. ती इचारते."

टाळी वाजली. "दचकलं हो बाळ," सिस्टर म्हणाल्या. फोन लेकीच्या तोंडावरच होता. तीन टक्के.

"मना दिसलं नाय," काका म्हणाले. "फोन फिरवा नि परत वाजवा."

"काका!" मी ओरडले. "सांगतायत ना त्या दचकलं म्हणून! हो म्हणा तिला! फोन बंद पडतोय!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन तिकडे फिरला. हिरव्या कापडात लालभडक इवलंसं तोंड, आवळलेल्या मुठी. टाळी. दोन्ही मुठी फटकन उघडल्या, हात पसरले. काकांचं नाक काचेला टेकायचं राहिलं होतं. "आनि एकदा," ते म्हणाले. टाळी. पुन्हा मुठी उघडल्या.

"आता तिला दाकवा."

लेकीचा चेहरा आला. कपाळावर केस चिकटलेले, नजर बापाच्या हातांवर. दोन टक्के. काकांनी डाव्या हाताची मूठ वळली. घाई केली नाही. काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ थांबले. मग उजव्या हाताचं बोट मुठीतून वर यायला लागलं, एक पेर, दुसरं पेर, आणि बुडापर्यंत वर आलं.

काचेत लेकीनं सलाइनची सुई टोचलेला हात कसाबसा वर घेतला, मूठ वळली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यातून वर काढलं. मग काच काळी झाली.

काका तसेच बसले होते, बोट वर धरून, काळ्या काचेसमोर. डोळ्यांतलं पाणी गालावरून शर्टाच्या भोकांपर्यंत आलं होतं. शेवटचं त्यांना दिसलंच नव्हतं.

"तिनं काय केलं गो?" त्यांनी मला विचारलं. "किती दाकवलं?"

"फुल," मी म्हटलं. "बुडापर्यंत."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या तोंडाकडे रोखून बघितलं.

"तू बगितलंस?"

"हो काका. मी बघितलं."